आपला बांध शेवटी

सुतार बांधावर आला तेव्हा त्याच्या पायात बूट होते. बूट घालून बांधावर कोणी येत नाही. ज्याला चिखलात उतरायचं असतं तो माणूस अनवाणीच येतो. त्यामुळे त्याने तोंड उघडायच्या आधीच धाकटीला कळलं, की हाही चालला. आबांनाही कळलं असणार. पण ते मान खाली घालून फावडं चालवत राहिले, जसे काही बूट त्यांना दिसलेच नाहीत.

धाकटी ही आबांची धाकटी सून. थोरला मुलगा आठ वर्षांपूर्वी शहरात गेला, वर्षभराने थोरली सून गेली. मग भावाच्या ओळखीने धाकटाही तिकडे बांधकामावर लागला, तेव्हा त्याच्या लग्नाला तीन महिने झाले होते. घरात आता एकच सून उरली होती, तरी तिचं धाकटी हे नाव काही सुटलं नाही. तीन वर्षांत नवरा चार वेळा घरी आला. त्याच्याबरोबर काढलेले दिवस तिने एकदा बोटांवर मोजले होते, ते सत्तरही भरले नाहीत.

"बस की," आबा वर न बघता म्हणाले.

"बसायला वेळ नाही, आबा. टेम्पो आलाय."

"टेम्पो. बरं."

"मेव्हण्याने काम बघून ठेवलंय. लाकडी सामानाचा कारखाना आहे." सुतार उगाच हसला. "इथे दारं-खिडक्या करायच्या तरी कुणासाठी? आहेत ती दारं बंद करून लोक चाललेत."

ते खोटं नव्हतं. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये हा मातीचा बांध होता. नऊ घरांची शेतं त्याच्यामागे, आणि नऊ घरांनी बांध वाटून घेतलेला. दोन्ही हात ताणून पसरले की जेवढं अंतर होतं तो एक वाव. असे वीस वाव एकेका घराच्या वाट्याला. दर अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि खाडी बांधाच्या माथ्याशी येऊन उभी राहते. खेकडे तर बारा महिने पोखरतच असतात. कुठे एक बीळ बुजवायचं राहिलं तरी खारं पाणी आत शिरतं, आणि ते एका घराच्या शेतावर थांबत नाही. म्हणून ज्याने त्याने आपला भाग राखायचा.

गाव सोडून जाणारा माणूस आपल्या भागातला चिखलाचा गोळा काढून शेजाऱ्याच्या तळहातावर ठेवायचा. ज्याने हात पुढे केला, त्याने तो भाग घेतला. आणि घेतलेल्या भागाचं काम आधी, आपल्याचं शेवटी, कारण गेलेला माणूस काही बघायला येत नाही. पूर्वी हे चार महिन्यांपुरतं असे. लोक कामाला जात, परत येत आणि आपला भाग मागून घेत. मग चाराचे आठ महिने झाले, आठाचं वर्ष झालं, आणि पुढे दारांना कुलपं लागली. सात घरांचा चिखल आबांच्या तळहातावर पडला होता. सुताराचा आठवा.

सुतार वाकला. बूट भिजू नयेत म्हणून बांधाच्या माथ्यावरूनच लांबून त्याने चिखल खरवडला. त्याचा गोळा धड होईना. 'हात मागे घ्या, आबा,' धाकटी मनात म्हणाली. 'एकदा तरी घ्या.' पण आबांनी फावडं ठेवलं, हात लुंगीला पुसला आणि पुढे केला.

"दोन वर्षांत येतो," सुतार म्हणाला.

"ये. जागेवर असेल."

सुताराने हातरुमालाने बोटं पुसली, रुमाल कुठे ठेवावा ते त्याला सुचेना, तसाच मुठीत धरून तो गेला. दोन माणसांनी आता एकशे ऐंशी वाव बांध राखायचा होता.

*

आठवड्याने मोजणीवाली मुलगी आली. तिच्या गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि एक चप्पल वाटेत चिखलात रुतून पट्टा तुटलेला. तिला वाट दाखवायला सुईण बरोबर होती. सुईणीचं घर टेकाडावर, तिला शेत नाही आणि बांधही नाही, म्हणून ती अजून गावात होती. आबा पायरीवर बसून टाचेच्या भेगांत मेण भरत होते.

"किती घरं आहेत इथे?" मुलीने विचारलं.

"नऊ. ही सुईण धरून दहा."

"राहती किती?"

"दहा," आबा म्हणाले.

"दोन," दारात बसलेली धाकटी म्हणाली.

मुलीने दोघांकडे बघितलं आणि दोन लिहिलं.  आबांनी भेगेत मेण जरा जास्तच जोरात दाबलं.

"गेलेल्यांचं कारण लिहायचंय," मुलगी म्हणाली. "काम, लग्न, शिक्षण, आपत्ती, इतर. एक निवडायचं. म्हणजे बघा आजोबा, इथे काही त्रास होता म्हणून गेले, की तिकडे काही बरं होतं म्हणून?"

आबांनी विचार केला. कोणी नीट विचारलं तर ते नीट उत्तर देत. "माझा थोरला गेला, तो काम होतं म्हणून. कुंभार गेला, तो थोरल्याने बोलावलं म्हणून. शिंपी गेला, तो कुंभाराचा शेजारी, त्याला एकट्याला करमेना म्हणून. मग शाळा गेली, पोरं नव्हती म्हणून. मग ज्यांना पोरं होती ते गेले, शाळा नव्हती म्हणून. सुतार गेला, कारण घरं बांधायला कोणी नव्हतं. ह्याला काय लिहितेस?"

मुलीने बोट हवेत धरलं होतं. "इतर," ती म्हणाली.

"माझंही लिही," सुईण म्हणाली. "गाव मी सोडलं नाही, पण धंद्याने मला सोडलं. इथल्यांची बाळं हल्ली तिकडेच जन्माला येतात. चार वर्षांत एका शेळीशिवाय कुणाला हात लावलेला नाही."

मुलगी हसली, मग हसावं की नाही अशा विचाराने टॅबकडे बघू लागली. शेवटचा प्रश्न तिने धाकटीला विचारला. "तुमचा वर्षभरात जायचा विचार आहे का?"

धाकटीने आबांकडे बघितलं. आबा टाचेकडे बघत होते.

"माहीत नाही."

"माहीत नाही असं इथे नाहीये. हो किंवा नाही."

"लिही हो," सुईण म्हणाली. "नवरा तिकडे, बायको इकडे. पोर काय फोनवरून होणार आहे?"

धाकटी उठून आत गेली. तिने पाण्याचा तांब्या आणून मुलीपुढे ठेवला, तेव्हा टॅब बंद झाला होता. हो लिहिलं की नाही, ते तिने विचारलं नाही.

*

ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो. तिथला काळा, घट्ट चिखल कापायचा, घमेल्यात भरायचा, डोक्यावरून बांधावर न्यायचा, आपटायचा आणि टाचेने चेचायचा. बिळात आधी पेंढा कोंबायचा, वर चिखल, आणि मग सगळं वजन टाचेवर. आबांचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी उतरला होता. त्यामुळे ते कापत, ती वाहत होती. दुपारी भरती आली की थांबायचं, पाणी उतरलं की पुन्हा लागायचं. तिच्या पायांच्या बोटांमध्ये खाऱ्या पाण्याने जखमा झाल्या होत्या. रात्री झोपताना ती दोन्ही पाय उशीवर ठेवी आणि डोकं तसंच जमिनीवर.

नवऱ्याचा फोन दिवेलागणीला येई. तो आधी नेहमी एकच विचारायचा.

"बांध कसा आहे?"

"आहे."

"आबा?"

"आहेत. तुमचं काय?"

"खोली मिळतेय," त्या दिवशी तो म्हणाला. "वरच्या मजल्यावर आहे. दोन खिडक्या. मागच्या बाजूला मोरी, आपली वेगळी. आणि आमचा मुकादम आता जोडप्यांनाच ठेवतोय. एकटे पुरुष टिकत नाहीत म्हणतो, गावाकडे पळतात. तू आलीस तर दोघांचं काम पक्कं. नाहीतर एक तारखेपासून माझंही नाव काढणार आहे."

"कधीपर्यंत?"

"महिना संपेपर्यंत. आबांना घेऊनच ये. थोरल्याकडे जागा नाही, आपल्याकडेच राहतील."

"तुम्ही विचारा ना त्यांना."

फोनवर फक्त आवाज ऐकू येत होता, कुठेतरी लोखंडाच्या सळ्या उतरवत होते. "तू विचार," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा तुझं ऐकतात."

तिला राग आला. तीन वर्षं हा माणूस बापाला बांध कसा आहे एवढंही स्वतः विचारत नव्हता. पण दोन खिडक्या म्हणाल्यावर तिला त्या खिडक्या दिसल्या, आणि रागाचं काय झालं ते तिलाच कळलं नाही.

तिने दुसऱ्या दिवशी बांधावर विचारलं. घमेलं डोक्यावर होतं, त्यामुळे मान वळवून आबांचा चेहरा बघायचा प्रश्नच नव्हता.

"तू जा," आबा म्हणाले. "मी आहे."

"एकट्याने होणार आहे का?"

"होईल तेवढं करीन."

"आणि तुम्ही पडलात खाडीत तर?"

"तर आपोआप शहरात पोचेन. सगळी घाण तिकडेच वाहत जाते." त्यांनी फावडं चिखलात रोवलं. "आठ घरांचा चिखल घेतलाय, पोरी. कुणाला देऊ? सुईणीला?"

 घमेलं उपडं करून ती चिखल चेचू लागली. आबांना सोडून गेली तर लोक काय म्हणतील हे भय तिला नव्हतं, म्हणायला लोक होते कुठे? भय वेगळंच होतं. म्हातारा खरंच एकटा उरला असता आणि खरंच होईल तेवढं करत राहिला असता. ते चित्र डोळ्यांपुढे घेऊन त्या दोन खिडक्यांच्या खोलीत तिला झोप लागली नसती.

"पौर्णिमेचं उधाण जाऊ दे," आबा थोड्या वेळाने म्हणाले. "मग बघू."

उधाण महिन्यातून दोनदा येतं. हे आबांना तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

*

पौर्णिमेच्या दिवशी आबा उजाडताच बाहेर पडले. उधाणाच्या दिवशी ते आधी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात आणि मग कामाला लागत. धाकटी मागाहून भाताचा डबा आणि पेंढा घेऊन निघाली. सुताराचा भाग सगळ्यात लांब, वळणाच्या पलीकडे. तिथे माथा खचला होता, म्हणून काम तिथून सुरू करायचं ठरलं होतं. वाटेत त्यांचा स्वतःचा भाग लागत होता. एरवी ती माथ्यावरून चाले, आज डबा आणि पेंढा सांभाळत आतल्या अंगाने, पायथ्यावरून निघाली होती.

तिथे तिच्या पायाला गार लागलं.

बांधाच्या आतल्या अंगाला, पायथ्याशी, मुठीएवढं एक बीळ होतं आणि रात्रीच्या भरतीचं, बांधात मुरलेलं पाणी त्यातून येत होतं. नुसतं झिरपणारं पाणी स्वच्छ असतं, त्याची भीती नसते. हे गढूळ होतं. गढूळ म्हणजे पाणी आतून माती खात होतं. तिने सवयीने टाच त्यावर ठेवली. पाणी थांबलं. टाच उचलली, पुन्हा आलं. तिच्या काखेत पेंढा होता. अर्ध्या घटकेचं काम होतं.

ती तिथे उभी राहिली. आधी सुताराचं उरकायचं, मग येता येता हे बुजवू, असं तिने स्वतःला सांगितलं. नियमच तसा होता, आपलं शेवटी. नियमाने ती बरोबर होती. आणि ती बरोबर आहे हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं, तेव्हाच खरं म्हणजे तिला कळलं होतं, की ती ते बुजवायला येणार नाही. ती पेंढा घेऊन पुढे गेली.

आबांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सगळी सकाळ त्यांनी सुताराच्या माथ्यावर चिखल चढवला. आबा त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. सुताराच्या आजोबाने एकदा उलटं दार कसं बसवलं होतं आणि बारा वर्षं त्या घरातली माणसं दार ढकलायचं तिथे कशी ओढत होती, ते त्यांनी सांगितलं. ती हसली. अकराच्या सुमाराला माथा सारखा झाला. ऊन अजून तापायचं होतं, भरती पूर्ण व्हायला दोन तास होते.

"उरकलं," ती म्हणाली.

"उरकलं," आबा म्हणाले. त्यांनी फावडं धुतलं, आडवं ठेवलं. "जेवून घेऊ."

ते जेवले. आबा सावकाश जेवत. त्या दिवशी आणखीच सावकाश जेवले. तिने डबा धुतला, पुन्हा एकदा धुतला. खाडीचं पाणी चढताना आवाज करत नाही. बघता बघता काठचं गवत दिसेनासं होतं एवढंच. एकच्या सुमाराला वळणापलीकडून एक आवाज आला. मोठा नव्हता. ओल्या भिंतीचा तुकडा पडावा तसा. मग दुसरा, आणि मग पाण्याचा.

आबा धावले. साठीच्या पुढचा, खांदा उतरलेला माणूस बांधाच्या माथ्यावरून धावला आणि ती त्यांच्यामागे. पोचेपर्यंत चार वाव बांध गेला होता. बघत असतानाच पाचवा गेला. तपकिरी पाणी आत पडत होतं आणि भाताची रोपं त्याच्यासमोर एकदम आडवी होत होती. आबांनी हातातला पेंढा त्यात टाकला. पेंढा शेताच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथे गोल फिरत राहिला. धाकटीने त्यांचा दंड धरून ठेवला, कारण ते काठाशी फार पुढे गेले होते.  तिला वाटलं होतं तसं हलकं मुळीच वाटत नव्हतं.

नऊ घरांच्या शेतांत खारं पाणी उभं राहिलं. असं पाणी शिरलं की तीन वर्षं तिथे काही उगवत नाही.

*

दिवेलागणीला नवऱ्याचा फोन आला.

"बांध कसा आहे?"

"फुटला."

"कुणाच्या वाट्याचा?"

"आपल्याच."

 तो म्हणाला, "कुणाला लागलं नाही ना?" आणि मग, "बरं. आता काय. आता या." त्याच्या आवाजात दुःख होतं, ते खरंच होतं. पण त्याच्या तळाशी काहीतरी मोकळं झालं होतं, आणि ते तिला ऐकू आलं.

बातमी शहरात पोचायला वेळ लागला नाही. दोन दिवस फोन येत होते, आणि सगळे आबांनी स्वतः घेतले. सुतारानेही केला.

"तुमच्याच भागात फुटला म्हणे, आबा?"

"हो. माझ्याच."

"आमचा राहिला ना?"

"तुझा आहे. पक्का केलाय माथा."

"मग झालं," सुतार म्हणाला. कशासाठी पक्का आणि कशाच्या आड, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही. "चला, म्हणजे आता परत यायचंच नाही," असंही सुतार म्हणाला आणि लगेच, "म्हणजे तूर्तास हो," असं जोडलं. आबांनी फोन बंद करून धाकटीच्या हातात दिला.

ते रडले नाहीत, जेवत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच माळ्यावरची लोखंडी पेटी काढली आणि तिचा गंज पुसू लागले. धाकटीने विचारलं नाही. तिने कपडे घडी करायला घेतले. भांडी किती न्यायची यावर त्यांचं एकदाच बोलणं झालं. चार न्यायची असं आबांनी ठरवलं. पाहुणा आला तर, असं ती म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, "तिथे आपणच पाहुणे."

टेम्पो नव्हता. दूधवाल्याची गाडी पक्क्या रस्त्यापर्यंत सोडणार होती. सुईण निरोपाला आली, तिने धाकटीच्या पोटाकडे बघून काहीतरी चावट आशीर्वाद दिला, आणि मग एकदम तोंड फिरवून टेकाड चढू लागली. गाडी यायला वेळ होता. आबा पेटीवर बसले. समोर शेतं होती, त्यांत आभाळ दिसत होतं.

"तुला एक सांगतो," आबा म्हणाले. "पोराला सांगू नकोस."

ती त्यांच्याकडे वळली.

"ते बीळ मी पाहिलं होतं. उजाडताच, चालत गेलो तेव्हा. गढूळ पाणी होतं." त्यांनी उजवा खांदा दाबून धरला. "वाटलं, सुताराचं उरकून येऊ. मग उरकलं, तेव्हा वाटलं, राहू दे. जेवून घेऊ."

धाकटी पेटीच्या टोकाला त्यांच्याशेजारी बसली.

"आठ घरांचा चिखल घेतला होता मी. कुणाला परत देऊ, कसा सोडू? तो फुटल्याशिवाय मी सुटत नव्हतो. आणि मी सुटल्याशिवाय तू." ते थांबले. "तू माथ्यावरून आलीस, तुला ते दिसलं नाही. म्हणूनच तुला परत त्या बाजूला पाठवलं नाही. वळणापलीकडेच ठेवलं सकाळभर. तुला दिसलं असतं तर तू बुजवलंच असतंस. तुझ्यात तेवढं इमान आहे, माझ्यात उरलं नाही."

तिला बोलायचं होतं. एक वाक्य बोलली असती तर म्हाताऱ्याच्या अंगावरचं ओझं निम्मं तिच्यावर आलं असतं, आणि ते न्यायला ती तयारही होती. पण ती बोलली असती तर आबांच्या लेखी त्या गावात बीळ बुजवणारं एकही माणूस उरलं नसतं. आबांकडे आता तेवढंच शिल्लक होतं. तिने ओठ मिटले. आपल्याला ह्या माणसाबरोबर त्या दोन खिडक्यांच्या खोलीत रोज राहायचं आहे आणि रोज गप्प राहायचं आहे, हे तिला तेव्हाच कळलं.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

आबांनी मान हलवली, बरं वाटल्यासारखी. गाडीचा आवाज आला. ते उठले, पेटीची एक कडी त्यांनी डाव्या हाताने धरली, दुसरी तिने, आणि दोघांनी मिळून पेटी दुधाच्या कॅनांमध्ये बसवली.